नाशिकवरून त्रिशंकू, मित्र, अगस्ती दिसतात का? कुठून आणि कधी बघायचे?

इंदिरानगरची_आई

नमस्कार मंडळी. प्रश्न खरं तर मुलीचा आहे, नववीत आहे आणि सध्या ताऱ्यांचं प्रचंड वेड लागलंय तिला. सप्तर्षी, ध्रुव, मृग, व्याध हे सगळं गच्चीवरून बघून झालं, आता तिला दक्षिणेकडचं आकाश बघायचंय, म्हणजे त्रिशंकू (चार ताऱ्यांचा क्रॉस), नरतुरंग तारकासमूह आणि तो मित्र नावाचा तारा, सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यात जवळचा. क्लासमधल्या कोणीतरी तिला सांगितलं की हे सगळं ऑस्ट्रेलिया नाहीतर आफ्रिकेत गेल्यावरच दिसतं. पण मोबाईलमधलं अ‍ॅप तर हे तारे आपल्या क्षितिजाच्या वर आलेले दाखवतं, अगदी खाली चिकटून. मग खरं काय?

आमच्या गच्चीवरून दक्षिणेला नुसत्या बिल्डिंगी आणि हायवेचे लाईट, त्यामुळे इथून काही होईल असं वाटत नाही. माझे सासरे म्हणतात की गावाकडे खळ्यात झोपायचो तेव्हा अगस्ती रोज दिसायचा, म्हणजे काहीतरी दिसत असणारच ना. नाशिकच्या आसपास कुठे जावं, कोणत्या महिन्यात जावं, आणि टेलिस्कोप घ्यायलाच लागतो का, प्लीज कोणी अनुभवी असेल तर नीट सांगा. तिला नाही म्हणायचं अगदी जीवावर येतंय.

रात्रपाळी_नाशिकरोड

ताई आधी मुलीला सांगा की अ‍ॅप बरोबर आहे. त्रिशंकू नाशिकहून दिसतो, अख्खा दिसतो, मित्रही दिसतो, आणि अगस्ती तर शहरातून सुद्धा दिसतो.

हिशोब सोपा आहे, नववीतल्या मुलीला पाच मिनिटात कळेल. नाशिक २० अक्षांशावर आहे. म्हणून ध्रुव उत्तरेला क्षितिजापासून २० अंश वर दिसतो, आणि तेवढंच दक्षिणेकडचं आकाश आपल्याला कधीच दिसत नाही. म्हणजे ९० वजा २०, दक्षिण क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासून दक्षिणेला किती अंश) ७० पर्यंतचे तारे आपल्या क्षितिजावर येतात. त्रिशंकूचा सगळ्यात खालचा तारा आहे ६३ वर, म्हणजे तो जास्तीत जास्त ७ अंश वर येतो. वरचा तारा ५७ वर, तो १३ अंश. मित्र ६१ च्या जवळ, तो ९ अंश वर येतो. अगस्ती ५३ च्या आसपास, तो १७ अंश. हात सरळ लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश होते, तर त्रिशंकूचा पाय क्षितिजापासून पाऊण मुठीवर आणि डोकं सव्वा मुठीवर. एवढीच जागा आहे आपल्याला. दिल्लीवाल्यांना तर तीही नाही, तिथून त्रिशंकूचा खालचा तारा क्षितिजाच्या वरच येत नाही. आणि कन्याकुमारीला गेलात तर तोच तारा १९ अंश वर असतो.

म्हणजे तारे आहेत, अडचण आहे ती दक्षिण क्षितिजाची. पाऊण मूठ म्हणजे एक तीन मजली बिल्डिंग थोड्या अंतरावर असली तरी संपलं. झाडांची रांग, टेकडी, गावाचा उजेड काहीही चालत नाही. शिवाय इतक्या खाली बघताना आपण हवेच्या खूप जाड थरातून बघत असतो, तारा दीड-दोन प्रतीने (प्रत म्हणजे ताऱ्याचं तेज मोजायचं माप) तरी मंद होतो आणि धूळ असली की त्याहून जास्त. म्हणून लोक एकदा जातात, धुरकट आकाशात काही सापडत नाही, आणि मग भारतातून दिसतच नाही असं सांगत फिरतात.

दुसरी गोष्ट वेळेची. खालचा तारा क्षितिजावर असतो जेमतेम सहा तास आणि त्यातले मधले दीड-दोन तासच कामाचे, जेव्हा त्रिशंकू बरोब्बर दक्षिणेला उभा असतो. ही वेळ दर महिन्याला दोन तास अलीकडे सरकते. जानेवारीच्या मध्याला पहाटे साडेपाच, फेब्रुवारीच्या मध्याला साडेतीन, मार्चमध्ये दीड, एप्रिलच्या मध्याला रात्री साडेअकरा, मेच्या मध्याला साडेनऊ. जूनमध्ये अंधार पडता पडताच तो दक्षिणेला असतो आणि तोवर ढग आलेले असतात, मग विषय संपला.

आणि एक महत्त्वाचं, खोटा त्रिशंकू. खऱ्याच्या साडेतीनेक तास आधी, त्याच्या उजव्या हाताला, तसाच चार ताऱ्यांचा क्रॉस दक्षिणेवरून जातो. तो आकाराने मोठा आहे, तारे जरा मंद आहेत आणि जास्त वर येतो म्हणून पहिली नजर त्याच्यावरच जाते. ओळखायची खूण म्हणजे खऱ्याच्या डावीकडे मित्र आणि मित्रक हे दोन झगझगीत तारे असतात, त्यातला मित्रक त्रिशंकूच्या जवळचा. खोट्याच्या शेजारी असं काही नाही.

कांदा_द्राक्ष_निफाड

आम्ही तर हे दर हिवाळ्यात पाह्यतो. उन्हाळ कांद्याची लागवड झाली की पाणी द्यावं लागतं आणि लाईट एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री, त्यामुळे जानेवारीत पहाटे चार-पाचला माणूस बांधावर उभाच असतो. दक्षिणेला आमच्याकडे सगळं सपाट, ऊस तोडलेला असला की क्षितिजापर्यंत काही आडवं येत नाही. चार चांदण्या पतंगासारख्या, आधी डावीकडे कललेल्या उगवतात आणि पाच-साडेपाचला सरळ उभ्या राहतात, त्यांच्या डावीकडे त्या दोन मोठ्या. माझे वडील त्यांना काही नाव घेत नव्हते पण दोन मोठ्या वर आल्या की आता उजाडणार, एवढा वाफा भरून मोटर बंद करायची, हे त्यांचं ठरलेलं. त्यांना तिकांडं, बाज, विंचू हे सगळं ओळखता यायचं, घड्याळ नव्हतंच हातात.

मला विचाराल तर मेपेक्षा जानेवारी भारी. निफाडची थंडी तुम्हाला माहितीच आहे, पण त्या थंडीत आकाश असं धुतल्यासारखं असतं की खालची चांदणी पण टोचते डोळ्याला. फक्त नदीकाठ आणि धरणाच्या बाजूला धुकं येतं, तिथं जाऊ नका, जरा उंच माळावर जा. आणि ताई एक सांगतो, ऊस असेल तिथं रात्री उभं राहू नका. बिबट्या आहे आमच्याकडे, निफाड दिंडोरी सिन्नर सगळीकडे. चार-पाच जण मिळून जा, लहान पोरं मधी ठेवा, गाडीच्या जवळच थांबा, आणि कोणाच्याही शेतात जाताना आधी दिवसा येऊन विचारून जा. रात्री अनोळखी बॅटऱ्या दिसल्या की लोक मोटर चोर समजतात.

इंदिरानगरची_आई

बापरे, एवढं सविस्तर! दोघांचेही खूप खूप आभार. मुलीने ते ९० वजा २० वालं वहीत लिहून घेतलं आणि आता घरात सगळ्यांची मूठ मोजणं चालू आहे.

जानेवारीत शाळा सकाळची असते त्यामुळे पहाटे बाहेरगावी जाणं अवघड वाटतंय, एखादा रविवार बघू. पण मे महिन्यात सुट्टी आहे तर मेचं काही सांगाल का? धुळीमुळे दिसणारच नाही असं तर नाही ना? आणि दादा ते बिबट्याचं लिहिलंत ते बरं झालं, घरी आधी तेच विचारतील.

रात्रपाळी_नाशिकरोड

मेमध्ये दिसतं, फक्त दिवस निवडावा लागतो. एप्रिल-मेमध्ये आठवडाभर ऊन तापलं की क्षितिजावर तपकिरी पट्टा चढतो, त्यात ७ अंशाचा तारा गडप होतो. पण वळवाचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशीची रात्र सोन्यासारखी असते, सगळी धूळ खाली बसलेली. तशी रात्र आणि अमावस्येच्या आसपासचे चार-सहा दिवस असं जुळलं की बाकीची कामं सोडून निघायचं. हे मी मनापासून सांगतोय, कारण असं जुळून येणं वर्षात मोजक्याच वेळा होतं.

जागेचं म्हणाल तर लोक त्र्यंबक, अंजनेरी, इगतपुरी सांगतात. अंधारासाठी उत्तम आहेत पण दक्षिणेसाठी नाही, त्या बाजूला डोंगरच डोंगर, घोटीच्या पुढे तर कळसूबाईची अख्खी रांग आडवी. दिंडोरी-वणीकडे गेलात तर नाशिक शहराचा सगळा उजेड बरोबर तुमच्या दक्षिणेला येतो, म्हणजे जिथे बघायचं तिथेच पांढरं. दक्षिण बघायची तर शहर पाठीमागे म्हणजे उत्तरेला पाहिजे. म्हणून सिन्नर ओलांडून जायचं. सिन्नर-शिर्डी रोडला मुसळगावची एमआयडीसी मागे टाकली की पांगरी, वावीच्या बाजूला उघडा माळ लागतो, उसाचा पट्टाही नाही. रस्त्यापासून थोडं आत, गाड्यांचे हेडलाईट डोळ्यावर येणार नाहीत अशी जागा आधी दिवसा जाऊन बघून ठेवा. मोबाईलचा कंपास लावून दक्षिणेला काय आहे ते तेव्हाच बघा, पोल्ट्रीचा एक हॅलोजन सुद्धा सगळ्यावर पाणी फिरवतो.

मेच्या मध्याला साडेआठपर्यंत पूर्ण अंधार होतो. आधी डोक्यावरून जरा दक्षिणेला चित्रा शोधा, पांढरी निळसर, एकटीच. तिच्या उजवीकडे थोडं खाली हस्ताचे चार तारे, वाकडा चौकोन. हा हस्त बरोबर दक्षिणेला आला की त्याच्या सरळ खाली साडेतीन मुठी उतरायचं, तिथे त्रिशंकूचं डोकं. अ‍ॅप बंद ठेवून असं शोधायला लावा मुलीला, एकदा सापडला की जन्मभर विसरणार नाही. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एकदा मोबाईलचा पांढरा स्क्रीन बघितला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, म्हणून टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळून न्या.

दहा-साडेदहाला चित्राच्या खाली सरळ रेषेत, क्षितिजापासून दोन मुठींच्या थोडं वर, एक धूसर ठिपका असतो. डोळ्याला मंद तारा वाटतो. दुर्बीण (बायनॉक्युलर) लावली की कळतं तो तारा नाही, तो नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी नावाचा गोलाकार तारकागुच्छ आहे, १५-१७ हजार प्रकाशवर्षं लांब आणि त्यात काही दशलक्ष तारे. युरोपातून तो नीट दिसत नाही, एडमंड हॅलीला सेंट हेलेना बेटावर जावं लागलं तेव्हा १६७७ मध्ये त्याने नोंद केली की हा तारा नसून काही वेगळं आहे. आपल्याला तो २२ अंशावर मिळतो. मग साडेअकराच्या पुढे मित्र दक्षिणेला येतो, तोवर आग्नेयेला विंचू पूर्ण वर आलेला असतो, लाल ज्येष्ठा आणि वळलेली नांगी. त्या नांगीच्या वर डावीकडे दुर्बीण फिरवली की दोन मोकळे तारकागुच्छ सापडतात, त्यातला मोठा टॉलेमीने सुद्धा नोंदवलेला आहे. खरं तर विंचू आणि धनूचा हा भाग हीच दक्षिणेची खरी श्रीमंती, आकाशगंगेचं केंद्र त्याच दिशेला आहे, आणि तो भाग आपल्याला चांगला उंचावर मिळतो. लोक त्रिशंकूच्या मागे लागून तो सोडतात ह्याचं मला वाईट वाटतं.

येवल्याचे_भूगोल_सर

चर्चा वाचून फार आनंद झाला. मी निवृत्त शिक्षक, अगस्तीबद्दल थोडं लिहितो कारण तो आपल्या भागातला आहे असंच मी मुलांना सांगायचो. वाल्मिकी रामायणाच्या अरण्यकांडात रामाला पंचवटीत जाऊन राहा असं सांगणारे ऋषी म्हणजे अगस्ती. आमच्या येवला तालुक्यातल्या अंकाई किल्ल्यावर अगस्ती ऋषींचं स्थान आहे, मनमाडवरून येताजाताना तो किल्ला सगळ्यांनी पाहिलेला असतो. आणि अकोले गावात प्रवरेच्या काठी अगस्ती आश्रम आहे. विंध्याला वाकायला लावून मी परत येईपर्यंत असाच राहा म्हणून दक्षिणेला गेले ते परतलेच नाहीत, ही कथा मुलांना सांगून मग तारा दाखवला की मुलं डोळे विस्फारून बघतात. दुसरी कथा समुद्र पिण्याची. पावसाळा सरत आला की हा तारा पहाटे दक्षिणेला पुन्हा दिसायला लागतो आणि नद्यांचं गढूळ पाणी निवळतं, म्हणून अगस्त्योदयाने पाणी शुद्ध होतं असं जुने लोक मानत. २० अक्षांशावर तो ऑगस्टच्या मध्याला पहाटे सूर्याच्या तेजातून सुटतो, पण तेव्हा ढगच असतात, प्रत्यक्षात सप्टेंबरच्या शेवटी एखाद्या उघड्या पहाटे पाचला उठलात तर नक्की भेटेल.

इंदिरानगरच्या ताईंनी सुरुवात त्याच्यापासून करावी असं माझं मत. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री सव्वानऊला व्याध जवळजवळ दक्षिणेला असतो, त्याच्या खाली साडेतीन मुठींवर एकच तेजस्वी तारा दिसतो तोच अगस्ती. सगळ्या आकाशात व्याधानंतर तेजात त्याचाच नंबर. व्याध तेजस्वी दिसतो कारण तो जवळ आहे, ८.६ प्रकाशवर्षं. अगस्ती ३०० प्रकाशवर्षांहून लांब असून इतका झळकतो, यावरून तो मुळात केवढा प्रचंड असेल याचा विचार करायला लावा मुलीला. १९६४ साली मंगळाकडे निघालेलं मरिनर ४ हे यान वाटेत दिशा धरून ठेवायला याच ताऱ्यावर नजर लावून होतं.

त्रिशंकूची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, सदेह स्वर्गात जायचं म्हणून हट्ट धरलेला राजा, इंद्राने ढकलला आणि विश्वामित्रांनी दक्षिणेच्या आकाशात अधांतरी थांबवला. हे तारे हजारो वर्षांपूर्वी आजच्यापेक्षा बरेच उत्तरेकडून दिसत असत. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक चक्कर पूर्ण करतो त्यामुळे आकाश हळूहळू सरकतं. टॉलेमीला अलेक्झांड्रियाहून हे तारे दिसत होते आणि त्याने ते नरतुरंगातच मोजले, आज तिथून त्यांचा खालचा भाग क्षितिजाखाली गेलाय.

मित्राबद्दल एक गोष्ट मुलीला जरूर सांगा. तो एक तारा नसून जोडतारा आहे हे पहिल्यांदा कळलं ते आपल्याच देशातून. १६८९ साली पाँडिचेरीला रिशॉ नावाचे फ्रेंच जेझुइट पाद्री धूमकेतू बघत होते, टेलिस्कोप मित्राकडे वळवला आणि एकाच्या जागी दोन दिसले. मित्राचं आपल्यापासूनचं अंतर ४.३७ प्रकाशवर्षं. त्यांच्यासोबत एक तिसरा अगदी मंद लाल तारा आहे, प्रॉक्झिमा, तो ४.२४ वर, आणि सूर्यानंतर सगळ्यात जवळचा मान खरा त्याचा, पण तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

सातपूर_टेक

सगळं छान आहे पण माझं वेगळं मत. मुलीला खरंच आवड असेल तर चांगला टेलिस्कोपच घेऊन द्या, दुर्बिणीने दोन महिन्यात कंटाळा येतो. सर म्हणाले तो मित्र जोडतारा आहे, ते दुर्बिणीत दिसणार आहे का? नाही. त्याला टेलिस्कोपच लागतो. शनीची कडी, गुरूचे पट्टे बघितल्यावर जे वेड लागतं ते ठिपके बघून लागत नाही.

रात्रपाळी_नाशिकरोड

जोडताऱ्याचं बरोबर आहे सातपूरकर, मित्राचे दोन तारे वेगळे बघायला छोटा का होईना टेलिस्कोप पाहिजेच. पण ९ अंशावर हवा इतकी उकळत असते की तिथे चांगल्या टेलिस्कोपमध्ये सुद्धा प्रतिमा थरथरते. खालच्या दक्षिण आकाशासाठी मोठं क्षेत्र दाखवणारी दुर्बीण जास्त कामाची, १० बाय ५० किंवा ७ बाय ५०, आणि एक ट्रायपॉड, हात हलला की सगळं गेलं. त्रिशंकूच्या उजवीकडे अर्ध्या आकाशगंगेत दुर्बिणीने नुसतं भटकायचं, तिथे नौकातल तारकासमूहातला तो मोठा तेजोमेघ आहे, त्यातला ईटा करिनी १८४३ मध्ये इतका भडकला होता की व्याधाच्या खालोखाल तेजस्वी झाला होता. तोही आपल्याकडे १० अंशावर येतो. टेलिस्कोपमधून बघताना एवढासाच तुकडा दिसतो आणि नवीन मुलांना आपण कुठे बघतोय तेच कळत नाही.

घ्यायचा असेल तर वर्षभराने घ्या, तोवर तिला आकाश पाठ झालेलं असेल. आणि डब्यावर ५०० पट, ६०० पट असं मोठ्या अक्षरात छापलेलं असेल तो अजिबात घेऊ नका, आरशाचा किंवा भिंगाचा व्यास विचारा, पट नाही.

सातपूर_टेक

व्यासाचं १०० टक्के मान्य. आणि स्टँड हलका असेल तर बाकी कितीही भारी असू दे उपयोग नाही. बाकी मी गच्चीवरून गुरू-शनीच बघतो त्यामुळे टेलिस्कोप म्हटलं, सिन्नरच्या माळावर दुर्बीण जास्त चालेल हे पटतंय.

नाशिककर_मेलबर्नात

नाशिकचं नाव बघून आले, शाळा सीबीएसजवळची माझी. इकडे मेलबर्नमध्ये त्रिशंकू कधी मावळतच नाही, वर्षभर रोज रात्री कुठे ना कुठे असतोच, कधी डोक्याजवळ कधी उलटा क्षितिजाजवळ. झेंड्यावरही आहे इथल्या, पाच ताऱ्यांचा, न्यूझीलंडच्या झेंड्यावर चारच तारे. जून-जुलैत संध्याकाळी नऊला विंचू चक्क डोक्यावर असतो आणि आकाशगंगेचा तो जाडजूड मधला भाग पण, शहराबाहेर गेलं की मान दुखेपर्यंत बघत बसावं असं. त्रिशंकूच्या शेजारी एक काळा डाग दिसतो, जणू तिथले तारे पुसलेत, ती धूळ आहे मधे आलेली, इथले मूळ रहिवासी त्याला इमू पक्ष्याचं डोकं मानतात आणि आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांचा अख्खा इमू दाखवतात. मला हे फार आवडलं, आपण ताऱ्यांची चित्रं करतो आणि त्यांनी अंधाराचं केलं.

पण मला चुकल्यासारखं होतं ते ध्रुवासाठी. इथून तो कधीच दिसत नाही, सप्तर्षी पण जवळपास नाहीच. मृग उत्तरेला आणि उलटा, व्याध त्याच्या वरच्या बाजूला. पहिल्या वर्षी मी आकाश बघून अगदी परकी झाले होते, मृग ओळखायला मान वाकडी करावी लागायची.

तुमच्या लेकीला सांगा, नाशिकहून जे अजिबातच दिसणार नाही असं म्हणजे मॅजेलनचे दोन मेघ. डोळ्यांनी ढगाचे तुकडे वाटतात पण त्या वेगळ्या दीर्घिका आहेत, मोठा मेघ १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर, धाकटा २ लाखाच्या आसपास. त्यासाठी मात्र दक्षिणेला यावंच लागेल तिला, आली की मी दाखवेन.

इंदिरानगरची_आई

किती छान लिहिलंय ताई, मुलीला वाचून दाखवलं तर म्हणाली मोठा मेघ ६९.८ वर आहे आणि आपली मर्यादा ७० म्हणजे जरासा तरी दिसायला पाहिजे!! काय उत्तर देऊ?

आणि तिचा अजून एक प्रश्न, उत्तरेला जसा ध्रुव तसा दक्षिणेला ध्रुवतारा का नाही? मग तिकडचे लोक दिशा कशी ओळखायचे?

येवल्याचे_भूगोल_सर

शाब्बास! तिला माझ्याकडून शाबासकी सांगा. गणित तिचं अगदी बरोबर, मोठ्या मेघाचा मधला भाग नाशिकच्या क्षितिजाला जेमतेम टेकतो. पण तो ताऱ्यासारखा टोकदार नाही, पसरलेला मंद उजेड आहे, क्षितिजालगतच्या हवेत तो पूर्ण विरून जातो. अनंतपूर, बंगळूर, त्याहून खाली कन्याकुमारी असं दक्षिणेला जात गेलो की गणिताने तो वर चढत जातो. नकाशा घेऊन प्रत्येक गावाचा अक्षांश ९० मधून वजा करायला लावा, तिची एक वही भरेल.

दक्षिण ध्रुवाचं म्हणाल तर तिथे जवळ एक तारा आहे पण ५.४ प्रतीचा, काळोख्या जागीच कसाबसा दिसेल असा, दिशा दाखवायला निरुपयोगी. आपल्याकडे ध्रुव तिथे असणं हाही आत्ताच्या काळातला योगायोग, अक्ष फिरतोय त्यामुळे पुढे दुसरा तारा येईल. दक्षिणेकडचे लोक त्रिशंकूचा उभा दांडा वरून खाली साडेचार पट वाढवतात, तिथे दक्षिण ध्रुव. नाशिकला हे करून बघितलं तर ती रेघ जमिनीत २० अंश खाली जाते, ध्रुव उत्तरेला जेवढा वर तेवढीच. मुलीला एकाच ठिकाणी उभं करून आधी ध्रुव मुठीने मोजायला लावा, मग पाठ फिरवून त्रिशंकूचा दांडा खाली वाढवायला लावा, पृथ्वीचा अक्ष आपल्या पायाखालून कसा आरपार गेलाय ते तिचं तिलाच कळेल.

कांदा_द्राक्ष_निफाड

सर एक नंबर सांगितलं. मी पण हे पोराला करून दाखवणार आता.

रात्रपाळी_नाशिकरोड

ताई डिसेंबर मोकळा असेल तर तोही सोडू नका, मेपर्यंत थांबायची गरज नाही. डिसेंबरच्या मध्याला रात्री साडेआठला अग्रनद दक्षिणेला असतो, सव्वा मुठीवर एकटाच, आजूबाजूला दुसरा ठळक तारा नाही त्यामुळे चुकायची शक्यताच नाही. तो स्वतःभोवती इतक्या वेगाने फिरतो की पोटाकडे फुगून चपटा झालाय. आकाश कोरडं असतं, वेळ जेवायच्या आसपासची आणि शाळेचं पण काही अडत नाही. त्याच मुक्कामात साडेदहा-अकराला आग्नेयेला अगस्ती वर आलेला मिळेल. जागा तीच वावीची, जॅकेट जाड घ्या, चटई घ्या, आणि दुर्बीण पोचल्या पोचल्या गाडीतून बाहेर काढून ठेवा, ती बाहेरच्या थंडीला सरावली की प्रतिमा स्थिर दिसते.